पाहुण्यांचा कोपरा

आपल्या गावच्या मैदानावर आपल्या संघाचा जयजयकार करण्यात फारसे शौर्य नाही. भोवताली सारे आपलेच असतात; आवाजात आवाज मिसळला की झाले. परंतु परगावच्या मैदानावर, परक्या गर्दीत, मूठभर माणसांनी आपल्या मुलांसाठी टाळी वाजवायची म्हटली की मनुष्याला स्वतःची थोडीफार ओळख होते. ती ओळख नेहमीच सुखद असते असे नाही. आम्हांला ती १९९४ सालच्या हिवाळ्यात झाली, आणि तिचे ओझे मनावरून अद्याप उतरलेले नाही.

वणी हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे गाव. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. नित्याच्या व्यवहारात वणीकराला चंद्रपूर जवळचे; पण वणीचे महाविद्यालयीन जीवन १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी जोडले गेले, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी आमच्या मुलांना पश्चिमेचा लांबचा रस्ता धरावा लागला. त्या वर्षी फुटबॉलच्या संघात आमच्या धर्मग्रामातील दोन मुले होती. संघातील बरीचशी मुले कोळसा खाणीतील कामगारांची. कोणाचे वडील केरळातून आलेले, कोणाचे बंगालमधून, कोणाचे आंध्रातून. मुले मात्र वऱ्हाडी बोलणारी आणि पुरती वणीची. त्यांना धीर यावा म्हणून आम्ही सहा-सात जण पहाटेच्या एस.टी.ने निघालो. मारेगाव, करंजी मागे पडले. बरोबर पोळ्या, ठेचा आणि उत्साह यांची शिदोरी होती.

यजमान गावाने आमचे स्वागत मनापासून केले. मैदानाच्या एका टोकाला, गोलखांबाच्या अगदी जवळ, कडुनिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरून त्यांनी आम्हांला बसविले. माठातील पाणी आले, पाठोपाठ चहा आला. जवळच एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून बसले होते. आमची विचारपूस करून त्यांनी वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेची आठवण काढली. तरुणपणी तेथे बैल खरेदी केल्याचे सांगितले. यजमानांच्या संघात त्यांचा नातू होता.

सामना बरोबरीत चालला होता. अखेरची काही मिनिटे उरली असता आमच्या संघाला कोपऱ्यावरून चेंडू मारण्याची संधी मिळाली. चेंडू उंच आला, गोलाच्या तोंडाशी गर्दी उसळली, आणि आमच्या एका खेळाडूच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. मुद्दाम की नकळत, हे त्या मुलालाच ठाऊक. पण हाताला लागला, हे आम्ही दहा पावलांवरून स्वच्छ पाहिले. पंचांच्या आणि चेंडूच्या मध्ये खेळाडूंची भिंत होती. त्यांनी शिट्टी फुंकून गोल दिला.

यजमानांच्या बाजूने एकच गलका झाला. ते वृद्ध गृहस्थ मात्र ओरडले नाहीत. आमच्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारले, "तुमी तं जोळच होते ना बाप्पा? खरं सांगा, हाताले लागला का नाही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, "आमाले काही दिसलं नाही, बाबा." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

शेजारची पोरे हसली. "बुढ्याले भलतंच दिसते," असे कोणीसे म्हणाले. वृद्धांनी काठीवर हनुवटी टेकली आणि ते पुन्हा मैदानाकडे पाहू लागले. आम्ही सामना जिंकला. परतीच्या गाडीत गाणी झाली, चिवडा वाटला गेला. पण त्या गोलाचा विषय कोणीही काढला नाही.

वाचकहो, खेळातील एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार कशाला, असे आपल्याला वाटेल. आम्हीही पुष्कळ दिवस मनाची तशीच समजूत घातली. त्या समजुती एकेक करून तपासून पाहणे उपयोगाचे आहे, कारण खेळाबाहेरच्या जीवनातही आपण त्याच वापरतो.

पहिली समजूत अशी की, पंचांचा निर्णय अंतिम असतो. प्रेक्षकाने न्यायाधीश होऊ नये. हे खरेच आहे. परंतु त्या वृद्धांनी आमच्याकडे निकाल मागितलाच नव्हता. गोल रद्द होणार नाही, हे त्यांनाही कळत होते. आपल्या डोळ्यांनी पाहिले ते खरे की खोटे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. आम्ही त्यांच्या संघाचे नुकसान केले नाही. त्यांचे डोळे खोटे ठरविले, आणि तेही त्यांच्याच माणसांसमोर.

दुसरी समजूत भीतीची. परके गाव, चिडलेली गर्दी, आम्ही मूठभर. खरे बोललो असतो तर आमच्याच मुलांवर काही प्रसंग ओढवला असता. सावधपणा हा काही दुर्गुण नव्हे, आणि प्रत्येक सत्य प्रत्येक क्षणी मोठ्याने सांगितलेच पाहिजे असेही नाही. पण गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत अंतर आहे. "बाबा, हे आमाले नका विचारू," एवढे म्हटले असते तरी त्या जाणत्या माणसाला सारे समजले असते, आणि आमचे तोंड निर्मळ राहिले असते. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या क्षणी आम्हांला भीती वाटलीच नव्हती. तेथे कोणी आमच्याकडे डोळे वटारून पाहिलेदेखील नव्हते. भीतीचे कारण आम्ही घरी आल्यावर शोधून काढले.

तिसरी समजूत निष्ठेची, आणि तीच सर्वांत अवघड. मुले आमची, त्यांच्याविरुद्ध साक्ष कशी द्यावी? आपल्या माणसाची बाजू घेणे हे प्रेमाचे लक्षण आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, बाजू घेणे म्हणजे आपली जीभही त्या बाजूला गहाण टाकणे होय काय?

१९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत परतले होते. अशा वेळी बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलाच नाही, असे टेलरचे म्हणणे. स्लिपमध्ये जवळच उभे असलेले भारतीय कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी अपील मागे घेऊन त्याला परत बोलाविले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून पराभूत झाला. विश्वनाथांची भारतावरील निष्ठा त्यामुळे उणी झाली, असे आज कोण म्हणेल? ते जवळ उभे होते, आणि जवळ उभे राहण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. आम्हीही जवळच होतो.

आमच्याच वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण खेळातले नाही, पण येथे आठवते. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकारची भूमिका मनाला पटेना, तेव्हा त्यांनी त्या मंडळाचा राजीनामा दिला. एखाद्या बाजूला आसन मांडले म्हणजे विवेकही तेथेच ठेवून यायचा नसतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

आणि यजमानांच्या मोठेपणाचा दाखला हवा असेल तर ३१ जानेवारी १९९९ चे चेपॉक आठवावे. पाकिस्तानी संघाच्या दौऱ्याला विरोध म्हणून त्याच महिन्यात दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टी उखडण्यात आली होती. चेन्नईची कसोटी भारताने अवघ्या बारा धावांनी गमावली. सचिन तेंडुलकरच्या १३६ धावा व्यर्थ गेल्या. तरीही गर्दीने उभे राहून पाकिस्तानी खेळाडूंसाठी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांचे डोळे कोरडे नसतील. आपला पराभव झाल्याचे दुःख आणि दुसऱ्याच्या पराक्रमाचा आदर ही दोन्ही एकाच हृदयात राहू शकतात, हे त्या दिवशी दिसले.

आता आम्हांला असे वाटते की, परगावी गेलेला प्रेक्षक हा केवळ आपल्या संघाचा पाठीराखा नसतो. ज्यांचे पाणी प्यालो, ज्यांच्या सावलीत बसलो, त्यांचाही तो काही देणेकरी असतो. त्यांच्या विजयासाठी प्रार्थना करणे हे त्याचे कर्तव्य नव्हे. पण त्यांनी विचारलेल्या सरळ प्रश्नाला खोटे उत्तर न देणे, एवढे त्याचे कर्तव्य खचित आहे. आणि आपल्या मुलांवर खरे प्रेम असेल, तर खोट्या गोलाचे कौतुक त्यांच्या पदरात टाकू नये. त्या दिवशी आमच्या मुलांनी जो उत्तम खेळ केला होता, त्याचीही चव आमच्या एका वाक्याने बिघडून गेली.

पुढच्या वर्षी त्या गावचा संघ वणीला आला. आम्ही आधीच मैदानावर जाऊन पाहुण्यांसाठी जागा केली, चहा सांगितला, आणि त्या वृद्धांची वाट पाहिली. ते आले नव्हते. नातवाचे शिक्षण संपले होते, आणि आलेल्या पोरांना आम्ही कोणाविषयी विचारतो आहोत हेच कळेना. त्यांचे नाव आम्ही विचारून ठेवले नव्हते.

ते देणे ज्याचे त्याला देता आले नाही. तेव्हापासून वणीत परगावचा संघ आला की आम्ही आपल्या लोकांत न बसता पाहुण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. टाळ्या आपल्याच मुलांसाठी वाजवितो. पण शेजारच्याने वळून विचारलेच, "हाताला लागला का हो?" तर जे दिसले ते सांगतो.

तसे विचारणारे फार थोडे असतात. तरीही आम्ही तेथेच बसतो.