रामेश्वरयात्रा : कावड कोणाची?

काशीहून गंगोदक आणून ते रामेश्वरास वाहावे आणि सेतूची वाळू नेऊन ती प्रयागी त्रिवेणीत विसर्जित करावी, हा महाराष्ट्रातील अनेक भाविक कुटुंबांचा पूर्वापार मनोरथ आहे. पूर्वी ही यात्रा पायी होत असे व तिला कित्येक महिने लागत. निघणारा स्वतःच्या पायांच्या बळावर निघे आणि स्वतःच्या गतीने चाले. आता दिवस कमी लागतात, वाहने आहेत, निवासाची सोय आहे. एक गोष्ट मात्र बदलली. संकल्प बहुधा घरातील वृद्ध आईचा वा वडिलांचा असतो आणि वेळापत्रक मुले आखतात. अशा वेळी ती यात्रा कोणाची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही.

वेळापत्रक कागदावर नीट बसते. मदुराईहून रामेश्वर सुमारे १७० किलोमीटर. एक रात्र मुक्काम, पहाटे पाचच्या सुमारास स्फटिकलिंगाचे दर्शन, मग मंदिरासमोरील समुद्रात अग्नितीर्थाचे स्नान, त्यानंतर मंदिराच्या आवारातील २२ तीर्थांचे स्नान, कोरडी वस्त्रे नेसून श्रीरामनाथस्वामींचे दर्शन, दुपारी धनुष्कोडी आणि सायंकाळी परतीची गाडी. प्रत्यक्षात ही बावीस तीर्थे म्हणजे बहुतांशी विहिरी असून त्या विस्तीर्ण आवारात ठिकठिकाणी आहेत. प्रत्येक ठिकाणी बादलीने पाणी काढून अंगावर ओतले जाते. ओल्या वस्त्रांनी, अनवाणी, ओल्या दगडी फरशीवरून गर्दीबरोबर चालावे लागते. सहासात तीर्थे होईतो सत्तरी ओलांडलेले शरीर थकते. हे ध्यानात घेऊन कोणी तरी आदल्या रात्रीच म्हणतो, ‘आई, तू खोलीवरच थांब, तुझ्या नावाने आम्ही करून येतो.’ त्यात प्रेम असते, काळजी असते; आणि सायंकाळची गाडी चुकू नये हा हिशेबही थोडासा असतोच.

येथे संत एकनाथमहाराजांची कथा आठवते. रामेश्वरास वाहण्यासाठी आणलेल्या गंगोदकाची कावड त्यांनी तप्त वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते आणि तिचे तात्पर्य भूतदया, असे म्हणून आपण पुढे जातो. पण एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. नाथांनी रिती केली ती स्वतःची कावड. सोबतच्या यात्रेकरूंच्या कावडी त्यांनी घेतल्या नाहीत. स्वतःचा संकल्प दुसऱ्याच्या तहानेसाठी सोडणे हा त्याग होय. दुसऱ्याचा संकल्प आपल्या सोयीसाठी सोडून देणे याला त्याग म्हणता येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

यावर कोणी म्हणेल की, वृद्धांच्या देहाची काळजी घेणे हा मुलांचा धर्मच आहे. आई पाय घसरून पडली तर पुण्य कोणते पदरात पडणार? आक्षेप योग्य आहे. परंतु काळजी घेणे वेगळे आणि तिच्या वतीने निर्णय उरकून टाकणे वेगळे. तिला तीर्थांची रचना आधी सांगावी, श्रमाची कल्पना द्यावी आणि मग विचारावे. ती कदाचित स्वतःच म्हणेल की, समुद्राचे पाणी मस्तकी लावले तरी पुरे. तो तिचा निर्णय असेल. वडीलधाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे. नातवाला ताप भरला असताना बावीस तीर्थांचा हट्ट धरणाऱ्या आजोबांनाही आपली कावड रिती करावी लागते.

खुद्द रामेश्वराची स्थापनाच एका फसलेल्या बेतातून झाली, असे स्थलपुराण सांगते. रावणवधाच्या दोषाच्या परिहारार्थ श्रीरामांना शिवलिंग स्थापावयाचे होते. त्यासाठी हनुमंतास कैलासी पाठविले. तो वेळेत आला नाही. मुहूर्त टळू नये म्हणून सीतामाईने वाळूचे लिंग घडविले व त्याची स्थापना झाली. उशिरा आलेला हनुमंत खिन्न झाला. तेव्हा त्याने आणलेले विश्वलिंगही तेथेच स्थापून त्याची पूजा प्रथम व्हावी, अशी व्यवस्था श्रीरामांनी लावली, आणि ती आजही पाळली जाते. मुहूर्त राखला गेला, पण ज्याने लांबचे श्रम केले त्याला वगळून नव्हे.

ज्यांना यात्रेचा बेत ठरवावयाचा आहे त्यांनी म्हणून एक दिवस अधिक ठेवावा. तो बहुतेकदा कामी येतोच. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो, तर आडी व तै या तमिळ महिन्यांतील अमावास्यांना अपार गर्दी होते. वृद्ध सोबत असल्यास हे दिवस टाळणे बरे. एप्रिल २०२५ मध्ये पांबनचा नवा रेल्वेपूल खुला झाल्यापासून गाड्या पुन्हा थेट रामेश्वरापर्यंत जातात, त्यामुळे मधली चढउतार वाचते. ज्यांना सगळी तीर्थे झेपणार नाहीत त्यांच्यासाठी अखेरच्या कोटितीर्थाचे जल पात्रात आणता येते. मंदिराचा १२०० हून अधिक स्तंभांचा बाहेरचा प्राकार सावकाश, बसत-उठत पाहिला तरी चालतो. तेथे कोणी घाई करीत नाही.

सेतूची वाळू घेताना आणखी एक गोष्ट बोलून घ्यावी. ती प्रयागी कधी जाणार, आणि जिचा संकल्प आहे तिला जाणे न जमल्यास ती कोणाच्या हाती द्यावी, हे तिलाच विचारावे; आणि ते रामेश्वरी असतानाच.