एकच गाणं, पण पूर्ण

रात्रीची जेवणं आटोपली की बसा. लखनऊतल्या अलीगंजच्या गल्ल्यांत या वेळेला हॉर्न विरळ होतात, कपूरथला चौकाकडची वर्दळही ओसरलेली असते. कूलर चालू असेल तर असू द्या, त्याच्या घरघरीशी भांडू नका. पाठ टेका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पडद्यावर 'फ्लाइट ६६६'ची मैफल लावा, पण लगेच सुरू करू नका.

आधी एवढंच मनात आणा. जे आता दिसणार आहे, ते मुंबईत घडलं. १ फेब्रुवारी २००८ची संध्याकाळ, वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. आयर्न मेडन हा इंग्लंडचा बँड. स्टीव्ह हॅरिसनं तो पूर्व लंडनमध्ये १९७५ साली उभा केला. तीस वर्षं उलटून गेल्यावर या मंडळींनी जगाचा दौरा काढला आणि त्याचा नारळ मुंबईत फोडला. दौऱ्याच्या पहिल्या टप्प्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी 'फ्लाइट ६६६' हा चित्रपट केला, तो २००९मध्ये आला. सोबतच्या मैफलीच्या चित्रणात जवळजवळ प्रत्येक गाणं निराळ्या शहरातलं आहे. सिडनी, टोकियो, साओ पाउलो, सँटियागो. त्यातलं पहिलं गाणं, 'एसेस हाय', आपल्या मुंबईतलं.

तुम्ही तिथे होतात का? नसाल. लखनऊहून पुष्पक एक्सप्रेसनं मुंबई म्हणजे एक अख्खा दिवस-रात्र. परीक्षा असेल, नोकरी नवी असेल, घरून परवानगी नसेल. ती न गेल्याची हुरहुर आत कुठे असेल तर तिला आज थोडी जागा द्या. तिच्यामुळेच तर हा व्हिडिओ आपण पुन्हा पुन्हा लावतो.

आता सुरू करा.

गाण्याआधी एक आवाज येतो: विन्स्टन चर्चिल, जून १९४०चं भाषण. १९८५च्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'पासून मेडनचे चाहते या आवाजाला ओळखतात. तो ऐकू आला की पुढे काय येणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी गर्दी ओरडते. उलट, ठाऊक असतं म्हणूनच ओरडते. हे काही क्षण घाईनं पुढे ढकलू नका. वाट पाहणाऱ्या माणसांचे चेहरे बघा. काळे टी-शर्ट, वर उठलेले हात, कुणीतरी मित्राच्या खांद्याला घट्ट धरलेलं. आपल्या छातीत काय हलतं आहे, तेही बघा. त्याला नाव देऊ नका.

गिटार सुटल्या की नजर सगळीकडे धावू लागते. तिला धावू देऊ नका. एकच माणूस निवडा.

मी स्टीव्ह हॅरिस निवडतो. बास गिटार हे वाद्य सहसा मागे राहतं. ऐकू येण्यापेक्षा जाणवतं अधिक. हा माणूस मात्र एक पाय पुढच्या स्पीकरवर रोवतो, बासचा दांडा गर्दीवर रोखतो आणि गाण्याचे शब्द स्वतःशी म्हणत राहतो. तो कुणाला ऐकवण्यासाठी म्हणत नाही. 'एसेस हाय' १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं, त्यानंच लिहिलेलं. किती रात्री, किती देशांत वाजवून झालेलं! आणि २००८मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो ते शब्द असे म्हणतो की जणू विसरले तर काही मोलाचं हातून जाईल. या ओठांकडे थोडा वेळ बघत राहा.

मला वाटतं, जुन्या बँडच्या मैफलीच्या चित्रणाची सगळी ओढ इथे आहे. स्वच्छ आवाज हवा असेल तर स्टुडिओतली ध्वनिमुद्रिका आहेच. तिथे दम लागत नाही, सूर निसटत नाही. आपण व्हिडिओ लावतो तो ही माणसं आजही या गाण्यावर पूर्ण जीव लावतात की नाही, हे बघायला. आपण पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्यावर जीव लावला, त्यावर त्यांचाही तेवढाच जीव असावा, असं आपल्याला आतून हवं असतं. इथे तो दिसतो. हा दिलासा लहान नाही.

आता नजर ब्रूस डिकिन्सनकडे न्या. गाणं आहे १९४०च्या हवाई लढाईतल्या लढाऊ वैमानिकाचं, आणि गाणारा तेव्हा स्वतः प्रवासी विमानांचा वैमानिक. या दौऱ्यातलं बोइंग ७५७ त्यानंच चालवलं. बँड, तंत्रज्ञ आणि रंगमंचाचं टनावारी सामान एकाच विमानात भरून १ फेब्रुवारी ते १६ मार्च असे पंचेचाळीस दिवस ही मंडळी फिरली. अंतर सुमारे ८० हजार किलोमीटर. का एवढा खटाटोप? सामान जहाजानं पाठवून अशा दूरदूरच्या शहरांत ओळीनं मैफली करणं परवडत नाही. मग तिथल्या चाहत्यांनी काय करायचं? यांनी विमानातल्या मागच्या खुर्च्या काढून सामानाला जागा केली आणि चाहत्यांच्या दारी गेले. हे डोक्यात ठेवून तो उड्या मारत गाणारा माणूस पुन्हा बघा. त्याच्या धापेत तुम्हाला आता वेगळं काही ऐकू येईल.

श्वास सावकाश होऊ द्या.

चित्रपटात बोगोटाचा एक चाहता आहे. मैफल संपली आहे, त्याच्या हाती ड्रमची एक काडी लागली आहे, आणि तो रडतो आहे. एक शब्द बोलत नाही. कॅमेराही त्याला काही विचारत नाही. या प्रसंगापाशी थांबा. इथे व्हिडिओ थांबवलात तरी चालेल. त्या माणसाला कुणी हसू नये असं मला फार वाटतं. एखाद्या गोष्टीवर इतकं प्रेम असणं ही सर्वांच्या वाट्याला न येणारी गोष्ट आहे. तुमची ती काडी कोणती? कुणाचं गाणं, कुठली कॅसेट, कुणी पहिल्यांदा ऐकवलं? ज्यानं ऐकवलं, त्याचा चेहरा आठवा.

मग ब्यूनस आयर्सचं 'फिअर ऑफ द डार्क' लावा. तिथे लोक शब्दांच्या आधी गिटारची धून गातात, सगळं मैदान मिळून. स्पॅनिश बोलणारी माणसं, इंग्रजी गाणं, आणि ज्याला शब्दच नाहीत ती धून सगळ्यांची. अलीगंजात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ज्येष्ठातल्या बड्या मंगळवारी जुन्या हनुमान मंदिराच्या रस्त्यावर जो एकदा चालला आहे, त्याला ठाऊक आहे की अनोळखी गर्दीत माणूस कधी कधी घरच्यापेक्षा मोकळा होतो. ती आठवण अंगात येऊ द्या आणि धून ओठांवर आली तर गुणगुणा.

शेवटी ढोलांच्या त्या डोंगरामागे बघा. निको मॅकब्रेन १९८२पासून मेडनचा ड्रमर, मुंबईत वाजवताना पंचावन्न वर्षांचा. हे वेगवान संगीत तो बास ड्रमच्या एकाच पेडलवर वाजवतो. एक पाय, सगळं त्याच्यावर. जानेवारी २०२३मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. सावरून तो पुन्हा दौऱ्यावर गेला आणि डिसेंबर २०२४मध्ये साओ पाउलोच्या मैफलीनंतर दौऱ्यांतून निवृत्त झाला. यापुढे आयर्न मेडन मंचावर येईल तेव्हा ड्रमवर दुसरं कुणी असेल. मुंबईच्या चित्रणात मात्र तो आहे, हसतो आहे. हे कळल्यावर 'एसेस हाय' पहिल्यापासून पुन्हा लावा आणि या वेळी फक्त त्याचा तो एक पाय ऐका.

रोज नको. आठवड्यातून एखाद्या रात्री एकच गाणं, चर्चिलच्या आवाजापासून शेवटच्या टाळीपर्यंत, मध्ये न उठता बघा. आणि ज्यानं तुम्हाला हा बँड पहिल्यांदा ऐकवला, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा.