स्टिकर गेलं, गम राहिला

‘उपाधी’ या शब्दाचे मराठीत तीन अर्थ आहेत. विद्यापीठानं दिली तर ती पदवी. बायकोनं म्हटलं तर ती ब्याद. आणि वेदान्त्यानं म्हटलं तर मूळ वस्तूला बाहेरून लागलेली, तिच्यात नसलेल्या गुणांचा भास करून देणारी गोष्ट. हे तिन्ही अर्थ एकदम अनुभवायचे असतील तर बीडमध्ये एखादी जुनी मोटार विकत घ्यावी.

मी घेतली. एमएच २३, रंग डाळिंबी, प्रकृती वयाच्या मानानं ठणठणीत. फक्त डिकीवर पहिल्या मालकानं हातभर लांबीचं स्टिकर लावलेलं होतं. त्यावर त्याच्या समाजाचं नाव आणि खाली एक दणदणीत वाक्य. कोणता समाज ते सांगत नाही. सांगितलं, तर तुम्ही लेख वाचायचं सोडून माझं आडनाव शोधायला लागाल.

पहिल्याच आठवड्यात माझा भाव वधारला. जालना रोडवर अनोळखी तरुण मला हात वर करून नमस्कार करू लागले. भाजी मंडईसमोर एकानं स्वतःची मोटारसायकल हलवून मला जागा करून दिली. आयुष्यात मला कुणी बसमध्येसुद्धा जागा दिलेली नाही! आता प्रश्न असा, की दुसऱ्याच्या स्टिकरवर मिळालेला नमस्कार घ्यावा का? घेतला तर ती लबाडी, नाकारला तर उद्धटपणा. मी मधला मार्ग म्हणून अर्धा हात वर करत असे.

पण हिशेबाची दुसरी बाजू लवकरच दिसली. वीस वर्षं ज्याच्या टपरीवर मी चहा पितो, तो चहावाला एकदम सभ्य झाला. पूर्वी कप ठेवता ठेवता तो राजकारण्यांची नावं घेऊन अशी काही विशेषणं लावायचा की चहात साखर कमी असली तरी चालायचं. आता तो नुसता “घ्या काका” म्हणून कप ठेवी आणि स्टोव्हकडे वळे. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात लोक बोलण्याआधी समोरच्याचा अंदाज घेतात. त्यानं माझा अंदाज माझ्या डिकीवरून घेतला होता. वीस वर्षांची ओळख हातभर स्टिकरखाली गेली, हे काही मला मानवेना.

तेव्हा ठरवलं, उपाधी काढायची. आमच्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेनं शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ च्या मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधु’चे ते कर्ते. तेव्हा वेदान्त आमच्या पाण्यातच असायला हरकत नाही. वेदान्तातला जुना दाखला असा: स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, फूल उचललं की पुन्हा जसाच्या तसा. फार सुंदर दाखला आहे. पण त्या काळी स्टिकर नव्हतं. स्टिकर उचललं की वरचा कागद हातात येतो आणि गम पत्र्यावरच राहतो. त्यावर बीडची धूळ बसली, की आधी जे नुसतं वाचता येत होतं ते आता काळ्या ठसठशीत अक्षरांत वाचता येतं.

या गमची प्रकृती समजून घेण्यासारखी आहे. तो धड पातळ नाही, धड घट्ट नाही. दाबलं की हळूहळू पसरून पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरतो, आणि ओढलं की घट्ट पदार्थासारखा हटून बसतो. मराठवाड्याचे दोन-चार उन्हाळे वरून गेले, की तो वाळून कडक होतो. जबरदस्ती केली तर तो जात नाही, रंग जातो. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक लेप असतो तो केसापेक्षाही पातळ असतो. ब्लेडनं खरडलं तर ओरखडे, आणि थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं तर गमच्या आधी तो लेपच विरघळायची भीती.

अमेरिकेत हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. तिकडे दोनरंगी मोटारींची फॅशन आली होती. रंगारी अर्धा भाग कागदानं झाकून तो चिकटपट्टीनं बसवत आणि पट्टी काढताना ताजा रंगही सोलून निघे. रिचर्ड ड्र्यू नावाचा थ्री-एम कंपनीतला तरुण तेव्हा गॅरेजांत सँडपेपर घेऊन जायचा. त्यानं रंगाऱ्यांचे शिव्याशाप ऐकले आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप काढली. ती लावल्यावर धरते, पण निघताना कुणाचा रंग नेत नाही. पाहुण्यानं कसं असावं याची याहून चांगली व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

माझ्याकडे मात्र होती चमच्याची मूठ. टपरीसमोर गाडी लावून मी ती गमवर टेकवली एवढ्यात आतून आवाज आला, “काका, कामून खरडायलेत? रंग जाईल की!” चहावाला बाहेर आला. त्यानं आधी काळी अक्षरं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “काढायलेत व्हय?” म्हणाला. “मग तेल लावा. खोबऱ्याचं. रेशनचं रॉकेल आता कुठंय?” आणि पेला भरून तेलही घेऊन आला.

कृती सोपी आहे. पत्रा सावलीत गार होऊ द्यावा आणि आधी धूळ धुवावी, नाहीतर तीच सँडपेपरचं काम करते. मग साबणाच्या कोमट पाण्याचं फडकं गमवर ठेवावं. त्यावर खोबरेल किंवा निलगिरीचं तेल लावून, आधी कुठे कोपऱ्यात करून पाहून, दहा मिनिटं गप्प बसावं. ही पायरी सर्वांत अवघड. गम मऊ झाला की बोटानं नाहीतर जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डानं तो गोळा करत यावा. तेलकटाला तेलकटच वश होतं, आणि अंगठ्यानं जे निघतं ते हातोड्यानं निघत नाही. आमची ती दहा मिनिटं दोन कप चहात गेली आणि दुसऱ्या कपाला विशेषणं परत आली.

आमच्या जिल्ह्यातही सध्या अशी काढाकाढी चालू आहे. २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवली. उत्तम केलं. पण आपला माणूस नुसत्या नावावर थांबतो थोडाच? “गाव कोणतं?”, “मामा कुठले?” असं विचारत विचारत तो आडनावाशी येऊन पोचतोच. पाटी एका हुकुमानं बदलते, गमला मात्र तेल लागतं आणि वेळ लागतो.

गम गेल्यावर माझ्या डिकीवर आणखी एक गंमत दिसली. अक्षरांखालचा रंग ताजा राहिला होता आणि भोवतालचा उन्हानं विटला होता. म्हणजे नाव पुन्हा वाचता येतच होतं, यावेळी डाळिंबीवर डाळिंबी! नावाखाली लपलेल्या तेवढ्या जागेनं कधी ऊन पाहिलं नव्हतं. बाकीचा पत्रा मात्र पावसाळे खाऊन शहाणा झालेला. याला औषध नाही. जरा पॉलिश करावी आणि उघडं सोडावं. ऊन सगळ्यांवर सारखं पडतं, कालांतरानं तीही जागा इतरांसारखी होईल.

शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. गम निघाल्यावर तेलही साबणानं धुवायचं असतं. नाहीतर त्यावर पुन्हा धूळ बसते. एका हितचिंतकानं माझी मोकळी डिकी पाहून तिथे ‘जात पाळू नका’ असं सुंदर स्टिकर लावायला आणून दिलं. मी ते कपाटात ठेवलंय.