कातडे आणि करुणा

प्रश्न आपल्या अंगणातला नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार, निदान कायद्याने तरी, इतिहासजमा झाली आहे. ती उरली आहे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, भुसा भरलेल्या मुंडक्यांच्या रूपाने. परंतु काही नैतिक प्रश्न असे असतात की ते दूरच्या मुलखात अधिक स्पष्ट दिसतात. अमेरिकेतील एका रानटी जनावराच्या शिकारीत कोणती गोळी वापरावी, हा असाच एक प्रश्न आहे.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद, मात्र अंगाने थोडा थोर. मूळचा तो अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशातला. लांडगे मारले गेले, जंगले तुटली आणि रिकाम्या झालेल्या जागेत हा शिरत गेला. आज हवाई वगळता त्या देशाच्या प्रत्येक राज्यात तो आहे. गोळी, सापळा, विष असे सर्व उपाय त्याच्यावर शंभराहून अधिक वर्षे चालले आहेत. मेंढपाळांचा तो वैरी, कारण कोकरे उचलतो. हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट, मऊ केस येतात आणि मग त्याच्या कातड्याला किंमत येते. थंडीच्या कोटांच्या टोप्यांना जी केसाळ किनार लावतात ती पुष्कळदा त्याचीच असे. हा बाजार आता पूर्वीचा राहिलेला नाही. कॅनडातील एका नामांकित कोट-कंपनीने २०२१ मध्ये फर सोडण्याचे जाहीर केले आणि कॅलिफोर्निया राज्यात २०२३ पासून नव्या फरवस्तूंची विक्रीच बंद झाली. तरीही मोंटाना-वायोमिंगसारख्या राज्यांत हिवाळा आला की अनेक जण रायफल घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांच्यापुढे एक पेच असतो.

पेच असा. हरणासाठी वापरतात तशी जड गोळी मारली तर जनावर मरते, पण दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना गोळी मुठीएवढे भगदाड पाडते आणि कातडे वाया जाते. म्हणून कातडे राखू इच्छिणारा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. पहिला मार्ग, अतिशय हलकी, पातळ कवचाची, ठिसूळ गोळी. पंचवीस ग्रेनची, म्हणजे दीड ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची अशी गोळी सेकंदाला सुमारे बाराशे मीटर वेगाने जाते. ती फासळ्यांमधून आत शिरताना टाचणीच्या टोकाहून फार मोठे भोक पाडत नाही. छातीत मात्र तिचे तुकडे-तुकडे होतात आणि ती बाहेर पडतच नाही. जनावर जागच्या जागी कोसळते. दुसरा मार्ग, संपूर्ण धातूचे कवच असलेली कठीण गोळी. ती फुटत नाही, पसरत नाही. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने तेवढेच लहान छिद्र पाडून निघून जाते. दोन्ही छिद्रे सुईदोऱ्याने सहज शिवता येतात. परंतु हृदय किंवा मज्जारज्जू चुकला तर जनावर पळत सुटते आणि मैलभर दूर, बर्फात, सावकाश मरते.

येथे एक विलक्षण गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते, आणि तिचा धागा थेट आपल्या भूमीशी जुळतो. कलकत्त्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी टोकाला कवच नसलेली, अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार केली आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध ती वापरली. ह्या ‘दमदम’ गोळीने जखमा इतक्या भयंकर होत की १८९९च्या हेग परिषदेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा केला. ब्रिटनने तो मान्य करावयास १९०७ साल उजाडले. कारण दिले गेले ते अनावश्यक यातनांचे. आता शिकारीचे नियम पाहा. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणासारख्या मोठ्या जनावरांवर पूर्ण कवचाची गोळी झाडण्यास मनाई आहे आणि पसरणारी गोळीच वापरावी असा दंडक आहे. कारण तेच, अनावश्यक यातना!

करुणा एकच; पण रणांगणावर तिने जी गोळी निषिद्ध ठरवली तीच रानात तिने अनिवार्य केली. ह्यात विसंगती नाही. सैनिकाला लढण्यास असमर्थ केले की युद्धाचा हेतू साधतो. त्याच्यासाठी मागे रुग्णवाहक आहे, शल्यविशारद आहे, कदाचित घरी परतणेही आहे. कायोटीसाठी ह्यातले काही नाही. त्याच्यावर नेम धरणाऱ्याने त्याचा मृत्यूच योजलेला असतो. तेव्हा त्याच्यावर करता येण्याजोगी दया एकच उरते, ती म्हणजे तो मृत्यू क्षणात यावा. दया ही वस्तूत नसते, ती नात्यात असते. कोण कोणाच्या हाती सापडला आहे ह्यावर तिचे रूप ठरते.

मग ठिसूळ गोळीचा मार्ग धरणारा शिकारी दयाळू म्हणावा काय? त्याची गोळी कातडेही राखते आणि यातनाही टाळते. येथे कान्टचा दुकानदार आठवतो. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात ह्या जर्मन तत्त्वज्ञाने एक दुकानदार उभा केला आहे. तो अजाण पोरालाही योग्य भावाने माल देतो, पण कारण एवढेच की तसे केल्याने गिऱ्हाईक टिकते. कृती बिनचूक, पण हेतू? जोवर सचोटी आणि नफा हातात हात घालून चालतात तोवर आतले कळत नाही. आपल्या शिकाऱ्याचेही तसेच. खांद्याच्या हाडावर ठिसूळ गोळी आपटली तर ती वरच्यावर फुटते; कातडेही फाटते आणि जनावरही लगेच मरत नाही. म्हणून तो तिरका नेम टाळतो, वारा पाहतो, अंतर मोजतो, नेम नक्की नसेल तर झाडत नाही. हा संयम कातड्यासाठी की जनावरासाठी? कदाचित त्यालाही सांगता येणार नाही.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत सोपे उत्तर हाती देत नाही, हे प्रामाणिकपणे मानले पाहिजे. एदेनबाहेर पडणाऱ्या आदाम व हव्वा यांना परमेश्वराने स्वतः चामड्याची वस्त्रे घातली; म्हणजे मानवाच्या पहिल्या खऱ्या वस्त्रामागे एका प्राण्याचा जीव आहे. दाविदाने कळपावर आलेला सिंह आणि अस्वल मारले, त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. (आणि आपल्यापैकी कित्येकांच्या शास्त्राची वेष्टने कशाची आहेत, हेही फर वापरणाऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.) पण त्याच शास्त्रात, नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, असे नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधण्यास अनुवादात मनाई आहे. प्रेषित पौल ह्याच नियमाचा अर्थ लावताना, देवाला चिंता आहे ती बैलांचीच काय, असा प्रश्न करून तो नियम आपल्यासाठी लिहिला असल्याचे म्हणतो. पुष्कळांनी त्यावरून पशूंना हिशेबातूनच वगळले. मला ते वाचन तोकडे वाटते. एका चिमणीच्या पडण्याचीही पित्याला जाणीव असते, असे ज्या प्रभूने सांगितले, त्याच्याच प्रेषिताने बैलाला बाहेर ढकलले असेल, असे मानणे कठीण आहे. चिमणी पडते, हे प्रभूने नाकारले नाही. ती कोणाच्याही नजरेबाहेर पडत नाही, एवढेच त्याने सांगितले.

ह्या नजरेच्या कक्षेत आणखी काही येते. ठिसूळ गोळी शिशाची असेल तर तिचे बारीक कण मांसभर विखुरतात. कातडे सोलून घेतल्यावर उरलेला देह सहसा रानातच टाकला जातो. त्यावर गरुड येतात, कावळे येतात, आणि कॅलिफोर्नियात कॉन्डर नावाची महाकाय गिधाडे येत. १९८२ साली ह्या गिधाडांची संख्या अवघी बावीस उरली होती. शिसे पोटात जाऊन होणारी विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरले. म्हणून त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली. तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या बहुधा महाग पडतात. म्हणजे जी गोळी कायोटीला दयेची ठरली तीच पुढच्या जिवाला विष ठरू शकते. शिकाऱ्याच्या हिशेबात कातडे होते, कायोटी होता, गिधाड नव्हते. नेम धरताना ते दिसतही नाही.

अशा वेळी हेतूचा शोध कोठे घ्यावा? गोळ्यांच्या दुकानात तो सापडणार नाही. तेथे दया आणि दाम एकाच डबीत मिळतात. तो सापडेल एखाद्या संध्याकाळी, जेव्हा नेम थोडा हुकला आहे, गोळी खांद्यावर फुटली आहे, कातड्याच्या चिंध्या झाल्या आहेत आणि कायोटी टेकडीपलीकडे लंगडत गेला आहे. आता त्याला विकून एक डॉलरही मिळणार नाही. अंधार पडत चालला आहे, बर्फ गुडघाभर आहे, गाडी मागे उभी आहे. रक्ताचे ठिपके टेकडीच्या दिशेने गेलेले आहेत. शिकारी रायफल खांद्याला अडकवतो, आणि एकतर गाडीकडे वळतो, नाहीतर त्या ठिपक्यांच्या मागे चालू लागतो.