थोमाचे आठ दिवस

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात एक जागा अशी आहे, की तिथे वाचणारा सहसा थांबत नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी येशू शिष्यांना दिसतो, तेव्हा थोमा तिथे नसतो. बाकीचे त्याला घडलेले सांगतात. तो अट घालतो: खिळ्यांच्या खुणा डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत, बोटांनी चाचपता आल्या पाहिजेत. लगेच पुढच्याच वचनात आठ दिवस उलटलेले असतात, दारे पुन्हा बंद असतात, येशू पुन्हा आलेला असतो आणि थोमा त्याला आपला प्रभू व आपला देव मानून मोकळा होतो. या दोन्ही प्रसंगांवर व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते. मधल्या आठ दिवसांवर कुणी फारसे बोलत नाही, कारण योहानाने त्यांबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. पण ज्या ख्रिस्ती माणसाच्या मनात शंकेने घर केले आहे, त्याच्या वाट्याला नेमके हेच दिवस आलेले असतात. आदल्या रविवारचा आनंद त्याने पाहिलेला नसतो आणि पुढच्या रविवारी काय होणार हे त्याला ठाऊक नसते.

तरी मजकुरातून दोन गोष्टी कळतात. आठ दिवसांनी थोमा त्याच घरात, त्याच माणसांत होता. म्हणजे इतरांनी त्याला हाकलून दिले नव्हते आणि तोही उठून गेला नव्हता. हे वाटते तितके सोपे नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि ज्याने पाहिले नाही त्याचा अडलेला जीव, हे दोन्ही एका छपराखाली आठवडाभर नांदले. एका ताटाला बसून जेवताना कुणी विषय काढला असेल, कुणी मुद्दाम टाळला असेल. थोमाने खोटी मान डोलावली असती तर घरातला ताण संपला असता. त्याने ते केले नाही. तो मुळातच मनात काही न ठेवणारा माणूस. लाजराच्या घरी जाण्यात जिवाला धोका होता, तेव्हा आपणही गुरूबरोबर मरायला जाऊ असे सोबत्यांना म्हणणारा तोच. शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुम्ही कुठे जाता हेच आम्हाला माहीत नाही, मग वाट कशी कळणार, असे सगळ्यांच्या मनातले बोलून दाखवणाराही तोच. अशा माणसाला आपण दोन हजार वर्षे ‘संशयी थोमा’ म्हणत आलो, हा त्याच्यावर अन्याय आहे असे मला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे: शंका दडपून श्रद्धा बळकट होत नाही आणि शंकेच्या हाती सगळे सोपवून घर सोडल्यानेही कशाचा उलगडा होत नाही. शंका उघड बोलून, तिची नीट तपासणी करत, प्रभूच्या माणसांत राहिल्याने श्रद्धा बळकट होते.

आधी तपासणीबद्दल, कारण तिथेच आपल्या मंडळ्या कच्च्या आहेत. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा बायबल उघडतो आणि मार्काच्या सोळाव्या अध्यायात त्याला बारीक अक्षरांतली तळटीप दिसते: नवव्या वचनापासून पुढचा भाग सर्वांत जुन्या प्रतींत नाही. खरेच नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकनस आणि सिनायटिकस या दोन्ही हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान आठव्या वचनाशी, कबरेपासून घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी संपते. मुलगा पाळकांना विचारतो आणि त्याला उत्तर मिळते, फार खोलात जाऊ नकोस, प्रार्थना कर. प्रार्थना करावीच. पण प्रश्न हस्तलिखिताचा होता आणि त्याला हस्तलिखितांचेच उत्तर हवे होते. ते उत्तर असे, की ही बारा वचने बाजूला ठेवली तरी पुनरुत्थानाची साक्ष त्यांच्यावर टेकलेली नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ज्यांना प्रभू दिसला त्यांची यादी देतो. केफा, बारा जण, एकाच वेळी पाचशेंहून अधिक लोक, याकोब. हे पत्र वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतले आहे, आणि त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही पौल आवर्जून लिहितो. म्हणजे जाऊन विचारा, असेच तो सांगतो आहे. त्याच अध्यायात तो हेही मान्य करतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फोल आहे. आपल्या धर्माचा सगळा भार एका घटनेवर टाकून ती घटना खोटी निघाल्यास सगळे खोटे, असे लिहून देणारा माणूस प्रश्नांना भ्यालेला नसतो.

दुसरी बाजू शुभवर्तमानांच्या प्रांजळपणाची. रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. बनाव रचणाऱ्याने आपले पहिले साक्षीदार असे निवडले नसते. त्या स्त्रियांचे बोलणे प्रेषितांना वायफळ वाटले, असे लूक लिहितो. गालीलातल्या डोंगरावर उठलेल्या येशूला प्रत्यक्ष पाहूनही काहींना संशय आला, असे मत्तय आपल्या शेवटच्या परिच्छेदात लिहितो. आपल्या आद्य साक्षीदारांचा संशय धर्मग्रंथातच जपून ठेवणे ही लहान गोष्ट नाही. या सगळ्याने पुनरुत्थान गणितासारखे सिद्ध होते असा माझा दावा नाही. पण विश्वास ठेवणारा माणूस डोळे मिटून उडी घेतो, हा आरोप एवढ्या पुराव्यापुढे टिकत नाही.

तरीही पुराव्याने शंका मिटतेच असे नाही, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे चित्पावन घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. विशीच्या आतबाहेर असताना त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडन करता करता तेच प्रश्नांत अडकले आणि १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहा दर्शनांची तर्काने चिकित्सा करणारा हा माणूस स्वतःच्या शंकांतून मात्र कधी पूर्ण सुटला नाही. बाप्तिस्म्यानंतरही संशयांनी त्यांचा पिच्छा पुरवला. धर्मगुरूची दीक्षा घेतली, ऑक्सफर्डला जाऊन कौली फादरांच्या संघात उमेदवारी केली, पण अखेरचे व्रत घेण्याइतके मन कधी स्वस्थ झाले नाही. १८९५ साली वारले ते फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणूनच. जगाच्या हिशेबाने हे अर्धवट आयुष्य. पण ब्राह्म समाजाच्या विचारांकडे झुकलेल्या पंडिता रमाबाईंचे मन ख्रिस्ताकडे वळले ते याच माणसामुळे, आणि त्याचे श्रेय रमाबाईंनी स्वतः त्यांना दिले आहे. शास्त्रांत मुरलेल्या, कुणाच्याही दडपणाला न जुमानणाऱ्या त्या स्त्रीवर ठसा उमटवला तो शंकांशी आयुष्यभर झगडलेल्या विद्वानाने. मला यात योगायोग दिसत नाही. ज्याला प्रश्न कधी पडलेच नाहीत, त्याची उत्तरे रमाबाईंना पटली नसती.

रमाबाईंचा मार्गही सरळ नव्हता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर वाद सुरू झाला. त्रैक्य, येशूचे देवत्व, इंग्लंडच्या चर्चचे मतांगीकार यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कसून चर्चा केली. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या ताब्यात दिलेली नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे. धर्मभगिनींना तो उद्दामपणा वाटला. पण या काळात रमाबाई मंडळी सोडून गेल्या नाहीत आणि पटले नसताना पटल्याचे सोंगही त्यांनी आणले नाही. आठेक वर्षांनी त्यांना जे लाभले त्याचे वर्णन त्यांनी आपल्या साक्षीत असे केले आहे, की तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडल्यावर बुद्धी गहाण पडली असेही नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा यांच्या गराड्यात बसून १९२२ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. एकेका शब्दाशी झुंजणारी जी बुद्धी चेल्टनहॅमच्या पत्रांत दिसते, तीच त्या भाषांतराच्या कामी आली.

काही शंका बुद्धीतून येतच नाहीत. मूल दगावते, आजार हटत नाही, प्रार्थना छताला आपटून खाली येते, आणि देव आहे की नाही हा प्रश्न पोटातून उठतो. अशा वेळी पौलाची यादी पुढे करणे निर्दयपणाचे आहे. इथे मदर तेरेसांची पत्रे कामी येतात. ती २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर मरणाऱ्यांत ख्रिस्त पाहणाऱ्या या बाईला स्वतःच्या प्रार्थनेत वर्षानुवर्षे काळोखच भेटत होता हे जगाला कळले. बऱ्याच जणांना धक्का बसला, काहींनी तिला ढोंगी ठरवले. पण त्याच पत्रव्यवहारात एक निराळे पान आहे. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात धर्मशास्त्र शिकवणारे जेझुइट फादर योसेफ नॉयनर यांच्यापुढे त्यांनी आपला काळोख मांडला, तेव्हा नॉयनर यांनी त्यांना समजावले, की देव जाणवणे ही त्याच्या असण्याची एकमेव खूण नव्हे. त्याच्यासाठी जीव एवढा तळमळतो हीच तो जवळ असल्याची खूण आहे. या बोलण्याने काळोख गेला नाही. पण तेरेसांना त्या काळोखात उभे राहता आले, आणि पहाटेची मिस्सा व दिवसभराची सेवा चालू राहिली. विठोबाशी भांडणारा तुकाराम ज्यांच्या ओठी आहे, त्या मराठी माणसांना हे परके वाटू नये. स्तोत्रसंहितेतही देवाकडे केलेल्या तक्रारी थोड्याथोडक्या नाहीत, आणि त्यांतल्याच एका स्तोत्राची सुरुवात येशूने वधस्तंभावर उच्चारली.

यावर विश्वासणाऱ्यांकडूनच एक हरकत येते, आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही. याकोबाचे पत्र संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा देते आणि त्याला प्रभूकडून काही मिळेल अशी आशा ठेवू नये म्हणते. मग शंकेला एवढा मान का द्यायचा? पण याकोब पुढे लगेच त्या माणसाला द्विबुद्धीचा म्हणतो. त्याचा रोख दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यावर आहे, जो देवाकडे मागतो आणि मन दुसरीकडेच गुंतवून ठेवतो. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप तसा नाही. त्याच्या मुलाला झटके येऊन तो आगीत नि पाण्यात पडतो. तो बाप एकाच श्वासात आपला विश्वास असल्याचे सांगतो आणि आपल्या अविश्वासावर इलाज मागतो. येशू त्याला आधी मन साफ करून ये म्हणत नाही, तिथल्या तिथे मुलाला बरे करतो. नव्या करारातले यहूदाचे छोटे पत्र तर संशयात पडलेल्यांवर दया करा असे मंडळीला बजावते. याकोब आणि यहूदा यांची पत्रे एकाच पवित्र शास्त्रात नांदतात. आपण एकाचे वाचन मोठ्याने करतो आणि दुसऱ्याचे विसरतो, म्हणून तरुण मुले शंका मनात घेऊन गुपचूप मागच्या दाराने निघून जातात.

दुसरी हरकत बाहेरून येते. शंका असतानाही प्रार्थना आणि सेवा चालू ठेवा हे स्वतःला फसवणे नाही का? सवयीने माणूस कशावरही विश्वास ठेवू लागेल, आणि हाच सल्ला दुसऱ्या कुठल्याही धर्माचा माणूस देऊ शकेल. हरकतीत तथ्य आहे, म्हणूनच आधी तपासणीबद्दल लिहिले. तपासणीवाचून नुसता सराव ही सवयच होईल. पण उलट बाजूही पाहिली पाहिजे. काही गोष्टींची परीक्षा लांब उभे राहून होतच नाही. शत्रूला क्षमा करावी, शेवटच्यात शेवटच्या माणसात प्रभू पाहावा, हे म्हणणे खरे आहे का हे क्षमा केल्याशिवाय आणि कुणाची घाण काढल्याशिवाय कसे कळणार? जो मंडळीपासून दूर जाऊन विचार करतो, तोही तटस्थ राहत नाही. त्याच्या मनाला दुसऱ्या सवयी लागतात आणि त्याही त्याच्या निकालावर परिणाम करतात. इतर धर्माच्या माणसाने हाच सल्ला दिला तर त्यानेही तपासावे, राहावे, विचारावे. सत्याला या रीतीची भीती असण्याचे कारण नाही, आणि गोऱ्हे तर याच रीतीने काशीहून निघून ख्रिस्तापर्यंत आले.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात थोमा पुन्हा दिसतो. तिबिर्याच्या समुद्रावर मासे धरायला निघालेल्या सात जणांत त्याचे नाव पेत्राच्या लगेच पुढे आहे. रात्रभर जाळे रिकामे राहते. पहाटे काठावर कुणी उभा असतो, त्याच्या सांगण्यावरून उजवीकडे टाकलेल्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे येतात. काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी आणि जवळ भाकर. तो त्यांना न्याहारीला बोलावतो. तुम्ही कोण आहात असे विचारण्याचे धैर्य शिष्यांपैकी कुणाला झाले नाही, असे योहान लिहितो, कारण तो प्रभू आहे हे त्यांना कळले होते. म्हणजे प्रश्न त्या पहाटेही ओठांवर होता. थोमाच्या संशयाचा तिथे कुणी उल्लेख करत नाही. येशू भाकर घेऊन त्यांना देतो, तशीच मासळीही देतो, आणि थोमा इतर सहा जणांबरोबर विस्तवाजवळ बसून खातो.