पेन्शनीनंतरची पीटी

फौजेतून निवृत्त होणाऱ्या जवानाला आता सातारा-सांगलीकडे मिरवणुकीनं घरी आणतात. फुलांनी सजवलेली उघडी जीप, गुलाल, ढोल-ताशा, वेशीवर औक्षण, शाळेच्या पटांगणात सत्कार आणि संध्याकाळी जेवण. ज्यानं एवढी वर्षं गाव फक्त रजेपुरतं पाहिलं, दिवाळीचे फटाके फोनवर ऐकले, त्याचं एवढं कौतुक व्हायलाच हवं. माझं मन मात्र त्यानंतरच्या वर्षाकडे जातं. हार वाळलेले असतात, पेन्शन बँकेत जमा होऊ लागलेली असते आणि एक धडधाकट माणूस पहाटे चारला टक्क जागा होऊन अंथरुणात पडलेला असतो. त्याला कुठेही पोचायचं नसतं.

निवृत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साठीतलं कुणीतरी येतं. पण शिपाई म्हणून भरती झालेला जवान १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनीला पात्र होतो. पुष्कळजण चाळिशीच्या अलीकडे-पलीकडेच घरी येतात. अजून अर्धं आयुष्य पुढे असतं, आणि नेमकं त्याच वेळी, दोन-तीन वर्षांत, शरीर हातचं जाऊ लागतं. पोट पुढे येतं, गुडघे कुरकुरतात, ब्लडप्रेशरची गोळी सुरू होते. पारावरचा एखादा म्हणतो, ‘काय मेजर, चांगलं बाळसं धरलं की!’ (तो नाईक म्हणून निवृत्त झालेला असो की हवालदार, गावाला तो मेजरच.) मेजर हसतात. घरी येऊन कपाटातला जुना पट्टा काढून बघतात आणि परत ठेवून देतात.

याचा दोष लोक त्याच्या आळसाला देतात. तोही स्वतःला तोच दोष देतो. मला हे अन्यायाचं वाटतं. फौजेतली ताकद एकट्याच्या निग्रहावर उभी राहिलेली नसते. तिच्यामागे पहाटेची शिट्टी असते, रांगेत उभं राहायचं फॉलिन असतं, उस्तादाचा आवाज असतो आणि दोन्ही अंगांना धावणारे जोडीदार असतात. त्याच्या नोकरीच्या काळात बीपीईटी नावाच्या चाचणीत पाठीवर पिट्ठू आणि हातात रायफल घेऊन ५ किलोमीटर धावायचं, ६० मीटरची दौड मारायची, ९ फुटी खड्डा उडी मारून ओलांडायचा, दोरावर चढायचं. शिवाय पीपीटी: २.४ किलोमीटरची दौड, बीमवरच्या चिन-अप, पुश-अप, सिट-अप. ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी. तिथे ‘शेप-वन’ असा शेरा मिळाला की जवान निर्धास्त होतो. ‘कॅटेगरी लागली’, म्हणजे शेरा खाली घसरला, की बढतीच्या काळजीनं त्याची झोप उडते.

त्याहून मोठी गोष्ट कागदावर कुठेच लिहिलेली नसते. दौडीत कुणी मागे पडला तर शेजारचा त्याची रायफल आपल्या खांद्यावर घेतो आणि त्याला ओढत पुढे नेतो. माझी चाल मंदावली तर माझ्या सेक्शनमधल्या दहाजणांचा जीव धोक्यात येईल, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याचं शरीर त्याच्या एकट्याचं नव्हतंच, पलटणीचं होतं. पलटण सुटल्यावर त्या शरीराची कुणालाच गरज उरत नाही. केवळ स्वतःसाठी रोज उठून घाम गाळणं तसंही फार थोड्यांना जमतं. ज्याला वीस वर्षं दुसऱ्यांसाठी घाम गाळायची सवय लागली, त्याला तर स्वतःची तब्येत हे कारणच तोकडं वाटतं.

इथे गावाचं आणि घराचं प्रेमही नडतं. जिथे जाईल तिथे प्लॅस्टिकची खुर्ची पुढे होते, ‘बसा की!’ आई म्हणते, लेकरानं लई सोसलं, आता हंड्याला हात लावायचा नाही. भाऊ शेतात फार राबू देत नाही, कारण इतकी वर्षं रान त्यानंच कसलेलं असतं आणि त्याचीही एक घडी बसलेली असते. भूक मात्र फौजेतल्या लंगरचीच राहते. दिवसभर पळणाऱ्या शरीराला लागणारं अन्न आता बसलेल्या शरीरात जातं. संध्याकाळी फौजी कॅन्टीनच्या कोट्यातली दारूची बाटली निघते. तिच्यासाठी चारजण जमतात, आणि ते तिच्यासाठीच जमतात हे उमगायला वेळ लागतो. नोकरी मिळते ती बहुधा सुरक्षारक्षकाची. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या गेटवर किंवा एटीएमच्या काचेशी बारा तासांची पाळी, आणि रात्रपाळी असली तर झोपेचंही खोबरं. सियाचीनला पहारा दिलेला माणूस एका स्टुलावर बसून आपली कंबर वाढताना बघत राहतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

ही वाढ मोजायला वजनकाट्यावर फार विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं दिसायला बारीक असूनही आतून चरबी बाळगतात, ती अशी. म्हणून फौजेतून आल्यावर वजन तीन-चार किलोच वाढलं, असं म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. शिंप्याकडची टेप इथे काट्यापेक्षा जास्त खरं सांगते.

धीर देणारी गोष्टही आहे. दमसास काही आठवडे बसून काढले की उतरू लागतो हे खरं, पण एकदा कमावलेली ताकद पुन्हा मिळवणं नवख्यापेक्षा सोपं जातं. अडचण येते ती डोक्यातल्या जुन्या टायमिंगची. तीन वर्षं बसलेला माणूस एका सोमवारी बूट चढवतो आणि विसाव्या वर्षीच्या वेगानं सुटतो. छाती आणि मांड्या काही आठवड्यांत साथ देऊ लागतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून ऐन बरं वाटू लागतं तेव्हाच टाचेची शीर धरते किंवा गुडघा सुजतो, आणि मग ‘आता आपलं काही खरं नाही’ म्हणून बूट कायमचे माळ्यावर जातात. दोष वयाचा नसतो, घाईचा असतो. ज्याच्या पाठीनं वर्षानुवर्षं पिट्ठू वाहिला, त्यानं आधी माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा. २००३ पासून ही योजना त्याच्यासाठीच आहे. मग चालणं. नुसतं चालणं. महिनाभर त्यात धावण्याचा मोह टाळणं हीसुद्धा शिस्तच आहे.

या चालण्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बायकोला बरोबर घेणं. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अशी कितीतरी घरं येतात. त्याच्या गैरहजेरीत तिनं म्हाताऱ्यांचे दवाखाने, पोरांच्या शाळा, बँक, वीजबिल, जनावरं हे सगळं एकटीनं ओढलेलं असतं. तिच्या गुडघ्यांची, तिच्या रक्तदाबाची तपासणी कुणी केलेली नसते. खरं तर ईसीएचएस तिच्यासाठीही आहे. ती कधी फॉलिनला उभी राहिली नाही, तिला कुणी मिरवणुकीत जीपवर बसवलं नाही. फार तर औक्षणाचं ताट तिच्या हातात दिलं. आता पहाटे दोघं रस्त्याला लागतात. गावाला ते नवीन असतं, लोक वळून बघतात. पहिले काही दिवस तो चार पावलं पुढे जातो आणि थांबतो, पुन्हा पुढे जातो आणि थांबतो. हळू चालायचं कसं हे त्याला येतच नाही. मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं की स्क्वॉडमध्ये सगळ्यात हळू चालणाऱ्याला सोडून जायचं नसतं, हे तर आपल्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या दिवसापासून तो तिच्या पावलानं चालतो. गंमत म्हणजे त्याच्या गुडघ्यालाही तोच वेग मानवतो. चालता चालता इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलणंही होतं: कुठल्या पावसात भिंत पडली, थोरल्याला ताप आला तेव्हा रात्री कुणाच्या गाडीतून नेलं, तो कुपवाड्यात असताना तिनं बातम्या बघणं का बंद केलं होतं. पीटीच्या कुठल्याही तक्त्यात हे बसणार नाही, पण दुसऱ्या दिवशी उठण्याचं कारण त्यातूनच मिळतं. कुणीतरी आपली वाट बघत दारात चपला घालून उभं आहे, एवढं पुरतं.

पूर्वीसारखं होण्याचा हट्ट सोडणं हेही फार अवघड काम आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या तांत्रिक शाखेत जवान होते आणि कसलेले बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पुढे पोहू लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्या पदकाइतकाच मला तो मधला काळ महत्त्वाचा वाटतो. ज्या मुठींनी नाव कमावलं त्या रिंगणात परतणं शक्य नाही, हे मान्य करून त्यांनी त्याच हातांना दुसरं काम दिलं. ज्याचा गुडघा झिजला त्यानं सायकल काढावी, विहिरीत पोहावं, कंबर धरली असेल तर हळूहळू योगासनं करावीत. पाच किलोमीटरचं जुनं टायमिंग डायरीत मानानं राहू द्यावं.

आणि ज्यांना धावता येतं त्यांना गावानं हाक मारावी. आमच्याकडे कुठल्याही रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं पळताना दिसतात. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचं, म्हणजे पूर्ण ६० गुण. पोलिस भरतीसाठीही मुलांना १६०० मीटर. मुलीही पळतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वॉर्म-अप कसा करायचा हेही कुणी सांगितलेलं नसतं. डांबरी रस्त्यावर फाटक्या बुटांनी पळून पळून नडगीची हाडं दुखावून बसतात. अशा पोरांत एखादा निवृत्त हवालदार जाऊन उभा राहतो, तेव्हा दोन्हीकडची गरज भागते. सुरुवातीला तो नुसता घड्याळ धरतो. काही दिवसांनी त्यांच्याबरोबर हातपाय मोकळे करतो. मग सगळ्यात मागे राहणाऱ्या पोराच्या सोबतीनं अर्धा फेरा धावतो. दुसऱ्याचा दम वाढवताना त्याचा स्वतःचा दम कधी वाढला हे त्याला कळतही नाही. संध्याकाळची बाटली आपोआप मागे पडते, कारण सकाळी पोरांसमोर तोंडाला वास येऊन चालत नाही. असे काही मेजर मी जवळून पाहिले आहेत. त्यांना तब्येतीबद्दल विचारलं तर ते कमरेचं माप सांगत नाहीत. यंदा भरतीत कितीजण निघाले ते सांगतात.

हे आत्ता लिहायला एक कारण आहे. चार वर्षांसाठी सैन्यात घेणारी अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला उभ्या राहिल्या. त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ मध्ये पुरी होतात. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम घेण्याची तरतूद आहे. बाकीची मुलं घरी येतील. ऐन पंचविशीची, अंगात वारं भरलेली. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीनचं कार्डही नाही. एकरकमी सेवानिधी मिळेल, आणि तो कशात घालावा हे सांगायला पुष्कळ लोक पुढे येतील. त्यांच्या पहाटेचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगणार नाही. त्यांनाही आपण जीपमधून मिरवू आणि खुर्ची देऊ, तर चाळिशीत जे व्हायचं ते त्यांच्या बाबतीत तिशीच्या आतच होईल.

मैदानाला फार काही लागत नाही. गायरानातली सपाट जागा, मातीची धावपट्टी, पुल-अपसाठी लोखंडी बीम, पहाटे लागणारे दोन दिवे, आणि कुणाला लागलं-खुपलं तर प्रथमोपचाराची पेटी. सकाळी पोरं पळतील, संध्याकाळी बायकांना चालायला सुरक्षित जागा मिळेल. शिट्टी धरायला माणसं गावात आहेतच, आणि पुढच्या वर्षी आणखी येतील. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असं मी आमच्या सरपंचबाईंना लिहून दिलं आहे. सही करायला गावातले तीन माजी सैनिक आणि त्यांच्या बायकाही आल्या होत्या.