नेम आणि अधिकार

इंग्लंडात पिकावर उतरणारी रानकबुतरे मारण्यासाठी शेतात नकली कबुतरे वाऱ्याकडे तोंड करून मांडतात. आपलेच बांधव निर्भयपणे चरत आहेत असे समजून पाखरे खाली येतात. बुजगावणेही फसवतेच, परंतु ते पाखराला दूर घालविते. हे मृत्यूकडे बोलाविते. पीकरक्षण हा कृषकाचा धर्म, हे मान्य. पण हवेच्या बंदुकीचा छर्रा दुर्बळ. नवशिक्याच्या हातून तो मस्तकाऐवजी पंखात रुतला, तर पक्षी झुडुपात तडफडत राहतो. परिणाम, हानी आणि हिंसा यांबरोबरच स्वतःचे सामर्थ्यही न पाहता मोहाने आरंभिलेल्या कर्माला गीता (अ. १८, श्लोक २५) तामस म्हणते. या सामर्थ्याच्या अटीवरून आपण वाचक सहसा पुढे सरकतो. कागदी लक्ष्यावर ज्याचा नेम अद्याप स्थिरावलेला नाही, त्याला सजीवावर बंदूक रोखण्याचा अधिकार कोठला?